कुणाचंच पोट दुखत नव्हतं

सिस्टरना कुणी विचारलं, की तुम्ही नेमकं करता काय, तर त्या शांतपणे सांगायच्या, "धडधाकट माणसांना कॉलऱ्याचे जंतू पाजते." समोरच्याचा हात चहाच्या कपावरून हळूच मागे सरकला की त्यांना मनातून गुदगुल्या व्हायच्या. आयुष्यात गमती तशा कमीच वाट्याला आल्या होत्या. हाताशी असलेली एक त्या कशाला सोडतील?

त्यात खोटं काही नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या वर, एक लांबट वॉर्ड होता. तिथे आजारी माणूस औषधालाही सापडायचा नाही. यायचे ते नखशिखांत तपासून घेतलेले, स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेले लोक. सकाळी उपाशीपोटी त्यांना आधी सोड्याचं पाणी द्यायचं, म्हणजे पोटातलं आम्ल निवतं, आणि त्यापाठोपाठ पेल्यातून लस. लस म्हणजे जिवंत जंतू. ते पोटातून पुरते निघून जाईपर्यंत माणसाने वॉर्डाबाहेर पाऊल टाकायचं नाही. शौचाला जायचं तेही भांड्यात. त्या भांड्याचं सिस्टर वजन करायच्या, नमुना घ्यायच्या आणि मग ब्लीच ओतून ते रिकामं करायच्या. नाकं मुरडणारी माणसं या कामात टिकत नाहीत. सिस्टर टिकल्या, आणि त्यांना जेवणही व्यवस्थित जायचं.

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना पाठीमागे सगळे आजोबा म्हणत. लस त्यांची. कॉलऱ्याचा जंतू आतड्याला चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषापायी अंगातलं पाणी आतड्यात उतरतं आणि धो धो वाहून जातं. सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत सुकून जातो. आजोबांनी काय केलं, तर जंतूमधून ते विष बनवायचं जनुकच काढून टाकलं. उरला तो रिकाम्या हातांचा जंतू. तो पोटात जाईल, चार दिवस पाहुणचार घेईल, शरीर त्याला नीट ओळखून ठेवेल आणि पुढे त्याचा खरा भाऊबंद आला की दारातूनच हाकलून देईल. एकच घोट, एकदाच. पुरात बुडालेल्या वस्तीत दुसऱ्या डोससाठी थांबायला कुणाला वेळ असतो?

कागदावर सगळं झकास होतं. अडलं ते पोटापाशी. पहिल्या लशीने कॉलरा कुणालाच झाला नाही, पण लोकांच्या पोटात मुरडा यायचा, कुणाला कणकण, कुणाला ढाळ. आजोबा म्हणाले, मोठं विष काढलं तरी एखादं बारकं विष आत लपून बसलं असणार. कैक वर्षं शोधलं. सापडलं. तेही काढलं आणि दुसरी लस केली. पोटं दुखलीच. मग आणखी एक सापडलं, त्याचीही हकालपट्टी झाली. एवढ्या वर्षांत आजोबांचे केस गेले, सिस्टरचे पिकले, आणि आता ही तिसरी लस होती. ही फसली तर आणखी पैसे मिळणार नाहीत, असं वरून कळवून झालं होतं.

सिस्टरच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. पण खरी घाई त्यांना निवृत्तीची नव्हती, अण्णांची होती.

अण्णा म्हणजे सिस्टरचे वडील. सिस्टरचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, तेव्हा आपणही करायला नको. बापलेक दोघंच दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. अण्णांच्या छातीचा भाता झाला होता, जिना सुटला होता. दिवसभर खिडकीशी बसायचे, आणि सिस्टरच्या चपला दारात वाजल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "झालं का गं तुमचं औषध?"

"होतंय, अण्णा."

"बरं बरं. सावकाश होऊ दे." मग हळूच, "पण फार सावकाश नको."

सिस्टर लहान असताना त्यांच्या वस्तीत पूर आला आणि पुरामागून पटकी आली. अण्णांच्या वयाची माणसं कॉलऱ्याला अजून पटकीच म्हणतात. एका दिवसात आई गेली. लहानग्या मुलीला शेजारणीने उचलून आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं, लागण होऊ नये म्हणून. आणलं ते सगळं उरकल्यावर. त्यामुळे आईचं आजारपण त्यांना ठाऊक नव्हतं, जाणं ठाऊक नव्हतं, आणि तसं पाहिलं तर आईच फारशी ठाऊक नव्हती. चेहरा आठवायला जावं तर शेजारणीचाच चेहरा पुढे यायचा. अण्णा त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नसत. पिण्याचं पाणी त्यांनीच भरून आणलं होतं, एवढं सिस्टरनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. अण्णांच्या मनाला तेच खात असेल असं समजून त्यांनी कधी विषय काढला नाही. बापाच्या दुखऱ्या जागेवर बोट कोण ठेवणार?

पण मनातल्या मनात त्यांचा एक खेळ होता. भांडी धुताना, बसची वाट बघताना त्या तो खेळायच्या. पुराचं पाणी ओसरलंय. त्यांच्या जुन्या दारात कुणीतरी एक पेटी घेऊन येतं. आई पदराला हात पुसत बाहेर येते. पेल्यात लस ओतून देतात. आई वास घेते, तोंड वाकडं करते, ही कसली चव म्हणते, आणि पिऊन टाकते. बस्स, एवढंच. मग ती आत जाते आणि पुढची सगळी वर्षं आतच असते, चुलीपाशी, दारापाशी, लेकीच्या लग्नात, लग्न मोडलं तेव्हा. सिस्टरना आईची फार आठवण यायची असं म्हणता येणार नाही, कारण आठवायला काही नव्हतंच. त्यांना आई हवी होती. केस पिकल्यावरही माणसाला आई हवी असते, आणि याची लाज वाटायचं काही कारण नाही.

तिसऱ्या लशीला जी मंडळी आली, त्यांत एक ट्रक चालवणारा ड्रायव्हर होता, दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल असा. शिवणकाम करणारी एक बाई होती, तिला सगळे शिवणताई म्हणू लागले. जाड भिंगांचा एक तरुण होता, त्याचं नाव आल्या आल्या चष्मेवाला पडलं. आणखीही होते. अर्ध्यांना लस द्यायची आणि अर्ध्यांना नुसतंच तसं दिसणारं, तसं लागणारं पाणी. कुणाला काय दिलं हे आजोबांनाही माहीत नसायचं. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला विचारायचं, पोटात दुखतंय का, किती, कुठे.

वॉर्डात आजोबांचा एक नियम सगळ्यांच्या वर होता. आपल्याला काय हवंय, हे लस घेणाऱ्याला कळता कामा नये. हसू नका, कपाळाला आठी घालू नका. विचारा आणि मुकाट लिहून घ्या. सिस्टरनी हा नियम इतकी वर्षं पाळला होता. लस पाजली त्या संध्याकाळी मात्र शिवणताईने जेवता जेवता सहज विचारलं, "सिस्टर, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आमची भांडी उचलत का राहिलात इथे?"

अण्णांना त्या दिवशी सकाळी खोकल्याची मोठी उबळ आली होती, ती अजून सिस्टरच्या कानात होती. त्या क्षणी त्यांना तो नियम आठवला नाही, किंवा आठवूनही पाळावासा वाटला नाही. त्यांनी सांगून टाकलं. पूर, शेजारीण, अण्णांचा रोजचा प्रश्न. पेटी घेऊन येणाऱ्या माणसाचा खेळसुद्धा सांगितला, जो आजवर कुणालाही सांगितला नव्हता. ड्रायव्हरचा घास हातातच राहिला. मग त्या उठल्या, ताटं गोळा केली आणि दिवे मंद करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्ड एकजात ठणठणीत झाला.

"पोटात दुखतंय?"

"छे हो," ड्रायव्हर म्हणाला. "दगड पचवीन आत्ता."

शिवणताई म्हणाली, तिला तर उलट हलकं वाटतंय. कुणाला मुरडा नाही, कुणाला कळ नाही. भांड्यातही विशेष काही दिसेना. एखाददुसऱ्याला थोडं पातळ झालं, तेवढं तर बाहेरचं खाऊनही होतं. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरनाही तीच उत्तरं मिळाली. तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतः येऊन प्रत्येकाचं पोट दाबून गेले. ड्रायव्हरचं दाबलं तेव्हा तो मोठ्याने गाणं म्हणू लागला. आजोबांना वाटलं, स्वारी खुशीत आहे. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सिस्टर, बहुतेक जमलं."

त्या दिवशी सिस्टर घरी चालत गेल्या. बसमध्ये एका जागी बसवलं नसतं. जिना चढताना त्यांना धाप लागली नाही. दारात चपला वाजल्या, अण्णांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "झालं, अण्णा. बहुतेक झालंच."

अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "एकच घोट ना?"

"एकच."

"पोरांनाही चालेल?"

"पोरांसाठीच तर आहे."

त्यांनी मान हलवली. त्या रात्री ते खोकले कमी आणि झोपले जास्त.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना घोटाळा उघडा पडला. पाळी बदलायच्या वेळी दोन्ही सिस्टर व्हरांड्याच्या टोकाच्या काचेच्या खोलीत दार लावून बसत आणि दिवसभराचं एकमेकींना सांगत. त्या अर्ध्या तासात वॉर्डाकडे कुणी फिरकत नसे. सांगता सांगता आपल्या सिस्टरच्या लक्षात आलं, की वाचायचा चष्मा शिवणताईच्या उशाशी राहिलाय. "आलेच," म्हणून त्या गेल्या. दार ढकलणार, तोच दाराच्या काचेतून आतलं दिसलं आणि त्यांचा हात थांबला.

ड्रायव्हर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. तोंडात चादरीचा बोळा होता. शिवणताई जमिनीवर उकिडवी बसून कपाळ पलंगाच्या लोखंडी दांड्याला टेकवून डुलत होती. कुणी पोटाखाली उशी दाबून पालथं पडलं होतं. चष्मेवाला काचेच्या खोलीकडच्या दाराशी मान उंच करून पहारा देत होता. सिस्टर दुसऱ्या दाराने आल्या होत्या, ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आल्या का?" बोळा काढून ड्रायव्हरने विचारलं.

"नाही अजून. कण्हून घ्या पटकन."

आणि सगळे कण्हले. दिवसभराचं साठवलेलं कण्हणं होतं ते. हळू आवाजात, पण मनापासून.

सिस्टर चष्मा न घेताच परतल्या. काचेच्या खोलीत जाऊन काय बोलल्या ते त्यांना स्वतःलाही आठवलं नसतं. घरी अण्णांनी विचारलं, "सगळं ठीक?" त्या म्हणाल्या, "ठीक." स्वयंपाक केला, तो करपला. डोक्यात एकच चाललं होतं. मुरड्याने कोण मरतं? दोन दिवस दुखेल आणि थांबेल. हे दणकट लोक हसतमुखाने सोसताहेत, त्यांनी होऊन सोसायचं ठरवलंय. आपण काहीच पाहिलं नाही. चष्मा उद्या आणू. आठवडाभर तोंड बंद ठेवलं की लस पुढे जाईल, पेट्या भरतील, वस्त्यांमधून दारोदार जातील. अण्णा समाधानाने डोळे मिटतील. त्यांना हे इतकं हवंसं वाटलं, की करपलेलंच त्यांनी अण्णांना वाढलं.

पण खेळात पेटी दारात आली की नेहमी आई एकटीच बाहेर यायची, त्या संध्याकाळी आईच्या कडेवर एक लेकरू होतं. पुराने उपाशी, हाडांचा सापळा झालेलं. त्यालाही लस पाजली. ड्रायव्हरच्या आडदांड देहाला जे चादरीचा बोळा चावायला लावतं, ते या पोटात काय करील? ढाळ लागले तर प्यायला स्वच्छ पाणी कुठलं? आणि त्या लेकराला सांगताही येणार नाही. सिस्टरनी खेळ तिथेच थांबवला. त्यांना तो पुढे खेळवेना.

सकाळी त्या आजोबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. स्वतः काय बोलून बसल्या, तेही. आजोबांनी समोरचा पेला बाजूला सरकवला.

"मलाही एकदा असंच झालं होतं," ते म्हणाले. "पहिल्या लशीच्या वेळी. कॉलऱ्याने गेलेल्या माझ्या धाकट्या भावाबद्दल बोलून गेलो, लस घ्यायला आलेल्या एका पोराजवळ. त्याने ताप लपवला. म्हणून तर तो नियम केला."

"मला काढून टाका."

"तुम्हाला काढून मी काय करू? चला, विचारून येऊ."

वॉर्डात सिस्टर मधोमध उभ्या राहिल्या. नियम आधीच मोडला होता, त्यामुळे आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मला लस हवी आहे," त्या म्हणाल्या, "आणि आईही हवी आहे, हे खरंय. पण तुम्ही पोट धरून गप्प बसलात म्हणून ती यायची नाही. हे उद्या एखाद्या कुपोषित पोराला पाजतील. तुम्हाला लपवता आलं. त्याला सोसवणारही नाही. आता मला खरं सांगा."

 ड्रायव्हर पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "दुखतंय, सिस्टर. बेक्कार दुखतंय."

मग बांध फुटला. शिवणताईने कळ कुठून सुरू होते आणि कुठे जाते ते बोटाने दाखवलं. कुणाला कणकण होती, ती थर्मामीटर लावायच्या आधी गार पाणी पिऊन लपवली होती. चष्मेवालाही म्हणाला, माझंही जरा दुखतंय. त्याला नुसतं पाणीच पाजलं होतं, हे पुढे कळलं. बिचाऱ्याला एकट्याने बरं राहणं जड गेलं असावं.

तिसरी लस तिथेच थांबली. आजोबांचं म्हणणं पडलं, की कदाचित लपलेलं विष वगैरे काही नाहीच. जंतू आतड्याला चिकटून बसतो, त्या चिकटण्यानेच आतडं चिडत असेल. म्हणजे मग सगळी वाटच बदलायला हवी. ती शोधणार दुसरं कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी वॉर्डात. जाताना शिवणताई सिस्टरच्या गळ्यात पडून म्हणाली, "आम्ही भलं करायला गेलो, आणि तुमचंच वाटोळं केलं." सिस्टर म्हणाल्या, "वाटोळं कसलं गं, वेडे." आणि त्यांना रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

अण्णांना सांगणं उरलं होतं. वॉर्डाने खरं सांगितलं त्याच संध्याकाळी त्यांनी चपलाही न वाजवता काढल्या. अण्णांना तरी कळलंच.

"अण्णा, परवा मी सांगितलं ते खरं नव्हतं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं. पण औषध झालेलं नाही. आता माझ्या हातून व्हायचंही नाही."

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. ड्रायव्हर, बोळा, पहारा, कण्हून घ्या पटकन. अण्णा खिडकीकडे न बघता लेकीकडे बघत ऐकत होते.

"एवढं दुखत होतं आणि बोलले नाहीत?"

"नाही."

"कुणासाठी?"

"आईसाठी. मी तिच्याबद्दल बोलले होते त्यांच्याजवळ."

अण्णांचा श्वास लागला. सिस्टर पाणी आणायला उठल्या, तर त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं.

"त्या दिवशी पहाटे ती उठून पोट धरून बसली होती," ते म्हणाले. "मी विचारलं, काय होतंय? म्हणाली, काही नाही हो, शिळं खाण्यात आलं असेल, तुम्ही निघा. खाडा झाला असता तर माझं काम गेलं असतं. तिला ठाऊक होतं ते. मला हसून दाखवलंन. मी डबा घेतला आणि गेलो. इस्पितळ जवळ होतं गं, पुराच्या पाण्यातूनही नेता आलं असतं तिला. संध्याकाळी परत आलो तर ती ओळखू येत नव्हती."

 अख्खा जन्म सिस्टर समजत होत्या, की अण्णांना त्या भरून आणलेल्या पाण्याचं दुःख आहे.

"तू विचारलंस त्यांना दुसऱ्यांदा, ते फार बरं केलंस," अण्णा म्हणाले. "मी एकदाच विचारलं. ती नाही म्हणाली, आणि मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी खरं मानलं."

"मीही तसंच मानलं होतं, अण्णा," सिस्टर म्हणाल्या.